पाऊस आला की एसडब्ल्यूआर चढतो: मल्टिबँड डायपोलचा तोच तो बिघाड

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा मल्टिबँड डायपोल: मध्ये केबल जोडलेली, दोन बाजूंना पसरलेली, अनेक बँडवर चालणारी तारेची अँटेना. काल रात्री ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) तिचा एसडब्ल्यूआर १.३ होता, आज सकाळी २.८. (अँटेनाकडून पॉवर किती परत येते ते हा आकडा सांगतो. १.० म्हणजे काहीच परत नाही.) तार तीच, खांब तेच, कुणी हातसुद्धा लावलेला नाही. दुपारी ऊन पडलं की पुन्हा १.५. मग माणूस म्हणतो, "झालं वाटतं आपोआप ठीक." ठीक काही झालेलं नसतं. पुढच्या पावसात तोच खेळ, आणि दर वेळी आकडा थोडा जास्तच.

हा बिघाड मी स्वतःच्या आणि ओळखीतल्या हॅम मंडळींच्या अँटेनांवर इतक्या वेळा काढला आहे की आता लक्षणं ऐकूनच अर्धा अंदाज येतो. म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं: काय बिघडलंय यापेक्षा कसं बिघडलंय ते बघा

सगळे बँड एकदम बिघडले असतील तर दोष सगळ्यांच्या सामायिक वाटेत आहे: कोॲक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची, मधे तार आणि भोवती जाळी असलेली केबल), कनेक्टर, बालून (केबल आणि डायपोल यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर) किंवा मधला जोड. एकच बँड गेला आणि बाकीचे जसेच्या तसे असतील तर त्या बँडची तार किंवा ट्रॅप (तारेत बसवलेली, ठरावीक बँड अडवणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी) बघा. या एका प्रश्नाने निम्मं काम वाचतं, तरी तो विचारायचं लोक विसरतात.

पाऊस किंवा दव पडल्यावर बिघडतं, वाळल्यावर सुधारतं: कुठेतरी पाणी शिरलंय.

वारा सुटला की काटा नाचतो: जोड सैल आहे, तार आतून तुटली आहे किंवा फांदी टेकते आहे.

१० वॉटवर सगळं ठीक, १०० वॉटवर अर्ध्या मिनिटात एसडब्ल्यूआर हळूहळू वर: काहीतरी तापतंय. बहुधा बालूनचा कोर किंवा ट्रॅप. हळूहळू न चढता एकदम उडी मारत असेल तर कुठेतरी ठिणगी पडते आहे.

एसडब्ल्यूआरचा तळ (तो सगळ्यात कमी येतो ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकला, म्हणजे आधी ७.१ मेगाहर्ट्झवर होता तो आता ६.९५ वर दिसतो: तार लांबली आहे किंवा तिच्या जवळ काहीतरी नवीन आलंय.

तळच उरला नाही, सगळीकडे गुळगुळीत दीड-पावणेदोन, आणि स्टेशनं मात्र खोल विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू येतात: हे सगळ्यात फसवं लक्षण. मीटर खूश, अँटेना बहिरी. याकडे पुढे सविस्तर येतो.

माइकला ओठ लागले की चटका बसतो, ट्रान्समिट केलं की कॉम्प्युटरचा कीबोर्ड गोठतो: कोॲक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून आरएफ, म्हणजे रेडिओची ऊर्जा, घरात येतंय. बालून किंवा चोक (हा बाहेरचा प्रवाह अडवणारा कोर) काम करत नाही.

आणि काही तक्रारी बिघाड नसतातच. ४० मीटरचा डायपोल १५ मीटरवरही चालतो हे खरं, पण ७.१ ची तिप्पट २१.३ असली तरी प्रत्यक्षात तळ २१ मेगाहर्ट्झच्या बँडच्या वर जाऊन बसतो, कारण टोकांचा परिणाम फक्त दोन टोकांनाच होतो, मधल्या अर्धतरंगाला होत नाही. तसंच जी५आरव्ही या तारेच्या अँटेनाचं. लुई वार्नी यांनी १९४६ मध्ये ती ३१ मीटर लांबीची रचना केली ती २० मीटरवर तीन अर्धतरंग बसावेत म्हणून. ती प्रत्येक बँडवर ट्यूनरशिवाय (अँटेनाचा रोध रेडिओशी जुळवून देणाऱ्या उपकरणाशिवाय) चालेल असा समज नंतर पसरला. ट्यूनरशिवाय काही बँडवर तिचा एसडब्ल्यूआर जास्त येतो. तो तिचा स्वभाव आहे, दुरुस्त करत बसू नका. साध्या डायपोलचा रोध मोकळ्या जागेत ७३ ओहम असतो, म्हणजे ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर जवळपास १.५. उंचीप्रमाणे तो बदलतो. १.० च्या मागे लागून मी तरुणपणी बरेच रविवार घालवले. ऐकणाऱ्याला काडीचा फरक पडला नाही.

कात्री आधी लांब ठेवा

हे तपासण्यांच्या आधीच सांगतो, कारण नुकसान इथेच होतं. एकदा पावसात माझ्या ४० आणि २० मीटरच्या फॅन डायपोलचा (एकाच मध्याला प्रत्येक बँडची वेगळी तार) तळ खाली सरकलेला दिसला. वाटलं, तार ताणून लांबली. भर पावसात खाली उतरवून ४० च्या दोन्ही बाजूंचे वीस-वीस सेंटीमीटर कापले. एसडब्ल्यूआर झकास आला. दोन दिवसांनी ऊन पडलं आणि तळ ७.२४ वर. वीस मीटरच्या तारेतले चाळीस सेंटीमीटर म्हणजे दोन टक्के, आणि ७.१ चे दोन टक्के सुमारे १४० किलोहर्ट्झ. हिशोब चोख होता. दोष मधल्या डबीत साचलेल्या पाण्याचा होता, शिक्षा तारेला झाली. अजूनही त्या तारेला दोन्हीकडे जोड आहेत.

पहिली तपासणी: खुर्चीवरून न उठता

रिगचा, म्हणजे रेडिओ संचाचा, आतला ट्यूनर बंद करा. तो चालू असेल तर मीटरवर दिसणारा एसडब्ल्यूआर ट्यूनरने दाखवलेला असतो, अँटेनाचा नसतो. मागे दोन अँटेना पोर्ट असतील तर बरोबर तोच निवडलाय ना, तेही बघा. हसू नका, एका मित्राकडे मी शिडी घेऊन गेलो होतो आणि दोष मेनूमध्ये होता.

मग अँटेनाची केबल काढून रिगला लागलेल्या त्याच छोट्या पॅच केबलने ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रोध) लावा. कमी पॉवरवर सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर १.१ च्या आसपास यायला हवा. आला तर रिग, मीटर आणि पॅच केबल निर्दोष. नाही आला तर छतावर जाण्यात अर्थ नाही. पॅच केबल बदला, पुन्हा बघा. तरीही नाही, तर दोष रिगच्या किंवा मीटरच्या पोटात आहे.

सगळे आकडे वहीत लिहा: प्रत्येक बँडची सुरुवात, मध्य, शेवट, तारीख आणि हवा कोरडी की ओली. माझी वही फाटकी आहे, पण "नवीन असताना किती होतं" या प्रश्नाला दुसरं कुणी उत्तर देऊ शकत नाही.

दुसरी: खालून बघणं आणि हलवणं

दुर्बीण घ्या. फांदी टेकली आहे का? फॅन डायपोलमध्ये दोन तारांना वेगळं ठेवणारी पट्टी घसरून तारा एकमेकींवर आल्या आहेत का? एका बाजूची दोरी सैल पडून झोळ आलाय का? जवळ नवीन पत्रा, रेलिंग, दुसरी केबल?

टोकांकडे जास्त लक्ष द्या. डायपोलच्या मध्याशी प्रवाह जास्त असतो आणि टोकांशी व्होल्टेज. १०० वॉटलासुद्धा टोकाशी ते शेकडो व्होल्टच्या घरात जातं. म्हणून मध्याजवळची फांदी फारसा त्रास देत नाही, पण टोकाला टेकलेलं एक ओलं पान सगळा तळ हलवतं. पानाची कड काळी पडलेली दिसली तर दुसरा पुरावा नको. आणि याच कारणाने ट्रान्समिट चालू असताना टोकाला कुणाचा हात पोहोचता कामा नये.

कोॲक्सऐवजी लॅडर लाइन (दोन समांतर तारांची लाइन) वापरत असाल तर ती पत्र्याला, गटाराच्या पाइपला किंवा भिंतीला चिकटून जात नाही ना ते बघा. प्लास्टिकला खिडक्यांसारखी भोकं असलेली ४५० ओहमची पट्टी पावसात भिजली की तिची विद्युत लांबी बदलते, ट्यूनर पुन्हा लावावा लागतो. तो बिघाड नव्हे. उघड्या तारांच्या, मधे काड्या घातलेल्या लाइनला हा त्रास कमी.

आता रिगमागचा कनेक्टर. अॅनालायझर (स्वतःच्या बारीक सिग्नलवर एसडब्ल्यूआर मोजणारं यंत्र) लावून, म्हणजे ट्रान्समिट न करता, कनेक्टर हळूच हलवा. आकडा नाचला तर सापडलं. पीएल-२५९ या कोॲक्सच्या नेहमीच्या कनेक्टरची बाहेरची रिंग हाताने घट्ट वाटते, पण आतले दात नीट बसलेले नसतात. मग जाळीचा संपर्क रिंगच्या मर्जीवर चालतो.

तिसरी: मल्टिमीटर

आकाशात ढग गडगडत असतील तर थांबा. नसतील तरी केबल रिगवरून काढल्यावर आधी मधली पिन आणि बाहेरचं कवच पेचकसाने एकमेकांना टेकवा, पेचकसाची प्लास्टिकची मूठ धरून. लांब तारेवर स्थिर वीज साठते. अॅनालायझर मरायला तेवढी पुरते.

आता पिन आणि कवच यांच्यात ओहम मोजा. इथे लोक फसतात, कारण बरोबर उत्तर एकच नसतं. साधा डायपोल, बालून नाही किंवा १:१ करंट बालून: मीटरने उघडं सर्किट दाखवायला हवं. व्होल्टेज बालून किंवा बऱ्याच ४:१ बालूनमध्ये डीसीला दोन्ही टोकं गुंडाळीतून जोडलेलीच असतात, तिथे जवळपास शून्य येणं बरोबर. (बालून म्हणजे फुगा नव्हे, पण पाणी भरलं की तसाच वागतो.) म्हणून नवीन अँटेना चढवतानाच हा आकडा वहीत हवा.

उघडं दाखवायला हवं तिथे काही किलो-ओहम येत असतील, आणि तो आकडा बघता बघता सरकत असेल, तर ते पाणी आहे. तुटलेली तार स्थिर आकडा देते, शॉर्टही देतो. ओलावा डोलतो.

चौथी: अँटेना खाली, आणि केबलची खरी परीक्षा

इथपर्यंत खर्च शून्य. आता उतरवावं लागतं. मधल्या खांबावर कप्पी असेल तर दहा मिनिटं.

कोॲक्स अँटेनापासून सोडा. वरच्या टोकाला डमी लोड लावून खालून मोजा: सगळीकडे १.१ च्या आसपास. त्यानंतर वरचं टोक पूर्ण उघडं ठेवून मोजा. हे अॅनालायझरनेच करा. रिगची पॉवर उघड्या केबलमध्ये ढकलू नका. आता एसडब्ल्यूआर भयंकर जास्त यायला हवा, कारण गेलेलं सगळं परत आलं पाहिजे.

परत कमी आलं, तर जाताना-येताना वाटेत खाल्लं गेलं. उघड्या टोकाला एसडब्ल्यूआर सुमारे ९ आला तर केबल एका दिशेने १ डीबी खाते, ४.४ आला तर २ डीबी, आणि ३ आला तर ३ डीबी, म्हणजे निम्मी पॉवर केबलमध्ये उष्णता होऊन जाते. चांगल्या आरजी-२१३ ची ३० मीटर लांबी १४ मेगाहर्ट्झवर १ डीबीच्या आत राहते. बारीक आरजी-५८ ला तेवढ्याच लांबीला त्याच्या दुपटीच्या आसपास जातं, तेव्हा तुमच्या केबलचा प्रकार लक्षात ठेवून न्याय करा.

वरती मी "मीटर खूश, अँटेना बहिरी" म्हणालो ते हेच. ३ डीबी खाणाऱ्या केबलच्या वर एसडब्ल्यूआर ३ असेल, तर खाली रिगपाशी १.७ दिसतो. केबल जितकी वाईट, मीटर तितका गोड बोलतो. एसडब्ल्यूआर सुधारला म्हणून आनंद मानण्याआधी काही बदल न करता तो का सुधारला हे विचारा.

पाचवी: कनेक्टर कापून बघणे

मला सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडला आहे. वरच्या पीएल-२५९ च्या मागे दोन बोटं अंतरावर बाहेरचं काळं आवरण ब्लेडने उभं चिरा आणि सोला. जाळी ताज्या तांब्यासारखी चमकायला हवी. काळपट, हिरवट किंवा ओलसर असेल तर पाणी आत आहे. जाळीच्या बारीक तारांमधून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं चढतं, उतरतं. एकदा मी वरचा कनेक्टर उघडायला निघालो होतो आणि आधी खालचा सोडला, तर टेबलावर थेंब पडला. वर शिरलेलं पाणी वीस मीटर खाली रिगपर्यंत आलं होतं!

चमकणारं तांबं लागेपर्यंत अर्धा-अर्धा फूट मागे कापत जा. मीटरभर गेलं तरी काळंच असेल तर ती केबल टाका. वाळवून ती बरी होत नाही. गंजलेली जाळी कोरडी झाली तरी गंजलेलीच.

नवा कनेक्टर लावताना जाळी सोल्डर करा, नुसती दाबून भागत नाही. डमी लोड लावून तपासा आणि मगच वर गुंडाळा. आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळत, म्हणजे वरचा पदर खालच्यावर कौलांसारखा येतो आणि पाणी आत न शिरता ओघळतं. तिच्यावर साधी विनाइल टेप, उन्हासाठी. सिलिकॉन भरायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. कनेक्टरच्या खाली केबलला एक लोंबता वळसा ठेवा, पाणी त्याच्या तळातून गळून जातं. मधल्या डबीला खालच्या बाजूने एक छोटं भोक हवंच. पूर्ण बंद डबी म्हणजे रात्रीच्या दवाची साठवण. हे मला पटायला दोन बालून गेले.

सहावी: बालून

बालूनला तारांऐवजी रोध जोडा: १:१ ला ५० ओहम, ४:१ ला २०० ओहम. कार्बन किंवा मेटल फिल्मचे घ्या, तार गुंडाळलेले नकोत, कारण त्यांचं स्वतःचं इंडक्टन्स मोजमाप बिघडवतं. सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर १.५ च्या आत राहिला तर बालूनचं रूपांतर ठीक आहे.

पण कमी पॉवरवर पास झालेला बालून जास्त पॉवरवर नापास होतो. एक मिनिट ट्रान्समिट करा, थांबा, रिग बंद करा, मग कोरला हात लावा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर नाही. फेराइट ठरावीक तापमानापलीकडे गेलं की त्याचे चुंबकीय गुण ढासळतात आणि एसडब्ल्यूआर चढू लागतो. ऑफ-सेंटर-फेड डायपोलमध्ये, म्हणजे केबल मध्याऐवजी बाजूला जोडलेल्या डायपोलमध्ये, हे जास्त दिसतं, कारण दोन बाजू असमान असल्याने बालूनवर कॉमन मोडचा (केबलच्या बाहेरून वाहणाऱ्या प्रवाहाचा) भार मुळातच मोठा असतो. तिथे ४:१ च्या पाठोपाठ वेगळा १:१ चोक लावल्यावर माइकचे चटकेही थांबलेले मी पाहिले आहेत.

सातवी: तार आणि ट्रॅप

तार सहसा मध्यातच तुटते, टर्मिनलपाशी, जिथे वाऱ्याने रोज हजार वेळा वाकते. प्लास्टिकचं आवरण शाबूत असतं, आत तांबं तुटलेलं. दोन्ही हातांनी हलकं ओढून बघा. आवरण रबरासारखं ताणलं गेलं तर आत धातू नाही. ताण नेहमी इन्सुलेटरवर हवा, सोल्डरवर नको.

ट्रॅपमध्ये डोकं लावायचं असेल तर एवढं पुरे: ४०/८० च्या अँटेनात ट्रॅपची जोडणी तुटली तर ८० जातो, ४० राहतो. कपॅसिटर शॉर्ट झाला तर ट्रॅप अडवायचं काम सोडतो आणि ४० जातो. ट्रॅप उघडला तर आत मुंग्यांचं घर किंवा पाणी सापडणं नेहमीचंच.

हे सगळं निर्दोष ठरलं, हवा कोरडी आहे आणि तळ अजूनही खाली आहे, तरच लांबीला हात लावा. मऊ तांब्याची तार ताणाने खरोखर लांबते. तरीही कापू नका, टोक मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळा. फॅन डायपोलमध्ये सगळ्यात लांब तार आधी, मग छोट्या, आणि शेवटी सगळे बँड पुन्हा मोजा. एकीला हलवलं की दुसरी थोडी सरकतेच.

कुठे थांबायचं

तार किंवा खांब पडताना विजेच्या तारांपर्यंत पोहोचू शकत असेल तर काम सुरूच करू नका. अडकलेली अँटेना विजेच्या तारेवर टेकली असेल तर दोरीलाही हात नको. वीजपुरवठा करणाऱ्यांना कळवा आणि लांब उभे राहा.

कोॲक्सच्या कवचाला हात लावल्यावर ट्रान्समिट न करताही मुंग्या येत असतील किंवा टेस्टर पेटत असेल, तर तो अँटेनाचा प्रश्न नाही. घरातल्या वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत स्टेशन बंद.

टॉवर, कुजलेला लाकडी खांब किंवा उंच झाडाची फांदी असेल तर चढण्याचा सराव आणि सुरक्षेचा पट्टा असलेला माणूस बोलवा. वीज जवळपास पडून गेली असेल तर केबल, बालून, अर्थिंग आणि रिग सगळंच जाणकाराकडून तपासून घ्या. बाहेरून काही दिसत नाही. आणि डमी लोडवरही रिग नीट चालत नसेल तर ती उघडू नका, दुरुस्तीला द्या.

जो कुणी येईल त्याच्या हातात आधी ती फाटकी वही द्या. कोरड्या आणि ओल्या दिवसाचे आकडे शेजारी-शेजारी दिसले की त्याचा अर्धा दिवस वाचतो.